पहिला कोणी पाहिला

१४ मे २००६

मितेक,

'आजोबा' असं लिहिणार नाही. ती सवय मोडायला मला चौदा वर्षं लागली, आता पुन्हा लावून घ्यायची नाही. तुझ्या जन्माआधी आठ दिवस आईचे वडील गेले, त्यांचं नाव तुला मिळालं आणि त्या दिवसापासून अख्खी वस्ती तुला आजोबा म्हणायला लागली. आई तर तुला अंगावर पाजताना 'बाबा' म्हणायची. मी सात वर्षांची होते. आजोबांचं नाक पुसणं, आजोबांचं ढुंगण धुणं ही कामं माझ्याकडे होती. तूही शेफारलास आणि बोलायला लागल्या लागल्या मला 'पोरी' म्हणायला लागलास. लोकांना केवढं कौतुक! ते सगळं संपलं. आता तू मितेक आणि मी तुकुम्मेक.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये. माझी लेक समोर बसून लिहून घेतेय. इवालूला दिवस गेलेत, सहावा लागलाय. ऑगस्टच्या शेवटी होईल असं कानाकच्या दवाखान्यातली नर्स म्हणते. मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव इनुतेक ठेवायचं असं तिने ठरवून टाकलंय. मला विचारलं नाही, सांगितलं.

"बाबांचं नाव चौदा वर्षं बेवारशी फिरतंय, आई. त्याला घर नको का?"

या चौदा वर्षांत वस्तीत अकरा मुलं झाली. दर वेळी कुणी ना कुणी माझ्याकडे इनुतेकचं नाव मागायला आलं आणि दर वेळी मी काहीतरी खुसपट काढलं. एकीला म्हटलं, तुझा नवरा पितो. दुसरीला म्हटलं, पोर किरकिरं आहे, इनुतेक तसा नव्हता. पोटच्या पोरीला काय कारण सांगू? आपल्यात नाव आलं की माणूस आला. मी त्या बाळाला 'अहो' म्हणायचं, त्याचे लंगोट धुवायचे, आणि त्याने माझ्याकडे टकमक बघायचं.

आणि नावाच्या कॉफीला, बाळाचं नाव ठेवायला वस्ती जमते तेव्हा, तिला तिचा मामा हवाय. "मी बोलावलं तर येणार नाही तो. तू लिहिलंस तर येईल." म्हणून लिहितेय. लिहिलं.

आता ती पाण्यासाठी बर्फ फोडायला बाहेर गेलीय तोवर खरं सांगते. येऊ नकोस. या वस्तीत तुझ्यासाठी कुणी कप मांडणार नाही. तुझं नाव निघालं की अजून लोक विषय बदलतात. तू कोपनहेगनमध्ये सुखी आहेस, जहाजावरून फिरतोस, देवमाशांचे फोटो काढतोस, तेच कर.

पांढरी कुत्री मेली. तू ओळखायचास तिच्या आजीला.

तुकुम्मेक

१६ जून

मितेक,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी आणि मागे देवमाशाची शेपटी. शेपटीखालच्या काळ्या-पांढऱ्या डागांवरून एकेक मासा ओळखता येतो म्हणतोस, अशा नऊशे शेपट्या तुझ्याकडे नोंदलेल्या आहेत, आणि स्वालबार्डजवळ दिसलेली मादी तुला सहा वर्षांनी पुन्हा भेटली तेव्हा तू तिला बघताक्षणी ओळखलीस. इवालूने ते कार्ड खिडकीत लावलं. आल्यागेल्याला दाखवते, "माझ्या मामाने काढलाय."

मी म्हटलं, शेपटी म्हणजे काय गं? निघालेल्याची पाठ! पाठ दाखवून जाणारे तुझ्या मामाला बरोब्बर ओळखता येतात.

तिला राग आला. येऊ दे. तिला सगळं ठाऊक असावं म्हणून मी काल पुन्हा एकदा सांगितलं, आणि तुलाही सांगते. शहरात राहून विसरला असशील.

ऑगस्ट ब्याण्णव. तू चार वर्षांनी घरी आला होतास, गळ्यात तो कॅमेरा, त्याला हातभर लांब भिंग. लांब दाताच्या नार्व्हाल देवमाशाची शिकार एकट्याच्या कयाक होडीतूनच करायची, इंजिन खाडीच्या टोकापलीकडे बंद करायचं, काठावरच्याने खोकायचंसुद्धा नाही, हे तुला शिकवायला नको होतं. तू बाहेरच्या खडकावर जाऊन बसलास, वस्तीकडे तोंड करून. मी नेहमीसारखी टेकडीवर होते. मधल्या पाण्यात इनुतेक. नार्व्हालचा कळप आत आला, इनुतेक एका मोठ्या नराच्या मागून सावकाश निघाला, त्याने हार्पूनचा भाला उचलला, आणि कयाकच्या खालून वॉलरस वर आला. पुढचं तुला माहीत आहे. तिघांनी बोटी नेईपर्यंत पाण्यावर वल्हं होतं आणि एक हातमोजा.

तो हातमोजा पुरून आल्यावर कॉफीला सगळी वस्ती आमच्या घरात होती. तिथे मी जे बोलले ते मागे घेतलेलं नाही. तू सहा वर्षांचा असताना बाबांच्या स्लेजवर बसून म्हणाला होतास, "धुक्याला नाक आहे." बाबांना काही दिसलं नव्हतं, काकांनाही नाही. ते नाक अस्वलाचं होतं. मारलं बाबांनी, पण आपल्यात अस्वल मारणाऱ्याचं नसतं, ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचं. कातडं तुझं झालं. त्याची विजार शिवली ती तुझ्या काखेपर्यंत यायची. म्हणून त्या दिवशी मी म्हणाले, "ज्याला धुक्यातलं नाक दिसतं, त्याला एवढं भिंग डोळ्याला लावून वॉलरस दिसला नाही? दिसला. फोटो छान येत होता म्हणून गप्प बसला."

सगळ्यांना पटलं. तू बोलला नाहीस. कप खाली ठेवलास, "पोरी," एवढंच म्हणालास आणि बाहेर गेलास. बोलायचं होतंस ना काहीतरी! भांडायचं होतंस! दुसऱ्या दिवशी तू गेलास तेव्हा लोक म्हणाले, बघा, खरं होतं.

दीड वर्षाने तुझा तो फोटो एका मासिकात आला. पाद्रीबाबांनी आणून दाखवला. इनुतेक हार्पून उचलून, समोर नार्व्हालची पाठ. मी जवळून निरखून पाहिला. वॉलरस नव्हता. मागची टेकडीही नव्हती, फोटो वरून आणि बाजूने कापलेला होता. मग मी तो चुलीत घातला आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

कार्डाबरोबर जाड पाकीट आलंय, 'फक्त तुकुम्मेकने उघडावं' असं लिहिलेलं. उघडलं नाही, उघडणारही नाही. शिवणाच्या पेटीत तळाशी टाकलंय.

तुकुम्मेक

२७ जुलै

मितेक,

येत नाही म्हणून कळवलंस. बरं केलंस. इवालू दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला वाटतं मी काहीतरी लिहिलं असणार. पोरीला वास येतो.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. तीन उन्हाळे झाले, मी टेकडीवर बसून नार्व्हाल मोजते. संशोधक येतात ना दक्षिणेकडून, त्यांना बसून राहणारं आणि डोळे शाबूत असलेलं माणूस हवं होतं. त्यांनी मला कॅमेरा दिलाय, तिकाटण्यावर बसवायचा. पाठीवरचे ओरखडे, कापलेली शेपटी, मोडका दात असेल तर तो, असे फोटो काढायचे आणि वहीत वेळ लिहायची. हसू नकोस. मला येतं ते. माझे फोटो हलत नाहीत. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "तुमच्या घरात कुणी फोटोग्राफर आहे का?" मी म्हटलं, नाही.

आज म्हातारा उताक येऊन बसला शेजारी. आता तो शिकारीला जात नाही, गुडघे गेलेत, तोंड तेवढं चालतं. नार्व्हालच्या कातडीचा तुकडा चघळत होता आणि मला त्रास देत होता.

"तुकुम्मेक, काय दिसतंय? बर्फ की वॉलरस?"

पंधरा वर्षं झाली या गमतीला. तू त्या वर्षी इथे नव्हतास, म्हणून तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी टेकडीवरून ओरडले होते, "वॉलरस! वॉलरस!" आणि तो निघाला मातकट बर्फाचा तुकडा. कळप बिथरून गेला तो परत आला नाही. पाच कयाक रिकाम्या आल्या. त्या थंडीत मांसाच्या मांडवावर निम्म्या फळ्या मोकळ्या होत्या. आपल्या लोकांना तुला माहीत आहेच. रागावलं कुणी नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे हसले. मी पाण्यासाठी बर्फ घेऊन चालले की पोरंटोरं ओरडायची, "आला, आला, वॉलरस आला!" कुणाच्या घरी गेले की, "बसा, तुमच्यासाठी वॉलरस वितळवतो." आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो माझा नवरा. त्याला माझी नक्कलही छान जमायची.

तर आज उताक विचारतो, "किती झाले?"

मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हटलं, "चौदा."

"आणि डावीकडून गेले ते?"

"डावीकडून कोण गेलं?"

"अगं बाई, वीस तरी होते! माद्या, पिल्लं, सगळं लटांबर. तुझ्या नाकासमोरून गेले. त्या डबीत डोकं घातल्यावर तुला जग दिसेना होय?"

मी डोळा काढला. डावीकडे पाण्यावर त्यांच्या वाटा अजून दिसत होत्या. वीस नार्व्हाल, फुसफुस करत गेलेले, आणि मला ना दिसले ना ऐकू आले. कारण मी त्या चौकोनात एका मोडक्या दाताच्या नराच्या मागे होते. उताक हसत बसला.

म्हणजे असं होतं. भिंग जेवढं लांब तेवढं जग लहान. पण तू म्हणजे मी नाही. तुला धुक्यातलं नाक दिसतं. तुला दिसलंच असणार, मितेक. खडकावरून वॉलरस दिसलाच असणार. तसं नसेल तर मी इतकी वर्षं

पेन चालत नाहीये, थांबते.

तुकुम्मेक

१२ ऑगस्ट

मितेक,

पाकीट इवालूने उघडलं.

मी टेकडीवर होते. बाळाचे कातडी बूट शिवायला बसली आणि जाड सुई शोधायला तिने पेटी उपसली. पाकिटावर माझं एकटीचं नाव होतं, पण त्यावर तुझं अक्षर होतं, आणि तिला वाटलं मी तुझी पत्रं दडवतेय. मी घरी आले तेव्हा टेबलावर सात फोटो ओळीने मांडलेले होते. तुझी चिठ्ठी तिच्या हातात होती. ती तिने मला वाचून दाखवली, शाळेत धडा वाचतात तशी.

"पोरी, इनुतेकचं नाव परत येतंय असं तू कळवलंयस. त्याआधी हे तुझ्याकडे असावं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून जेवढं दिसतं त्याहून फिल्मवर थोडं जास्त उमटतं, कडेने बोटभर. मी दात बघत होतो. कडेचं मला दोन महिन्यांनी, फिल्म धुतल्यावर दिसलं. दुसरी प्रत नाही, निगेटिव्हही यातच आहे. जाळून टाक. मी कुणाला बोललो नाही."

मग तिने माझं भिंग माझ्या हातात दिलं, मी सुई ओवताना वापरते ते.

सातही फोटोंत मधोमध तिचा बाप आहे. सातही फोटोंत डाव्या कडेला, अगदी कडेला, पाण्यावर तपकिरी पाठ आहे. पहिल्यात अस्पष्ट, चौथ्यात डोकं, सहाव्यात सुळे. आणि वर उजवीकडे टेकडी, टेकडीवर मी. लाल जाकीट. डोळ्याला दुर्बीण.

"कुठे बघत होतीस, आई?"

"तुझ्या बाबांकडे."

"बाबा इथे आहेत." तिने इनुतेकवर बोट ठेवलं. मग माझ्या दुर्बिणीवर ठेवलं आणि तिथून डाव्या कडेपर्यंत सरळ नेलं. "तू इकडे बघतेयस."

"लांबून तसं वाटतं."

"सातही फोटोंत?"

मी म्हटलं, "तुझ्या पोटात बाळ आहे, तू आत्ता असलं काही बघू नकोस." हे मी म्हटलं, मितेक. तोंडाला येईल ते बोलत होते.

ती रडली नाही. फोटो गोळा केले, पाकिटात घातले आणि स्वतःच्या जाकिटात ठेवले. दाराशी जाऊन म्हणाली, "मामा चौदा वर्षं घरी आला नाही. मला पंधरावं होतं तेव्हा तो गेला. मी त्याला एक शब्द बोलले नव्हते, रस्त्यात तोंड फिरवलं होतं, कारण तू सांगितलं होतंस." मग सासूकडे राहायला गेली. दोन घरं पलीकडे.

तू मला जाळायला दिलं होतंस. मी दोन महिने ते पेटीत ठेवलं, हट्टाने, आणि भीतीनेही. उघडलं असतं तर एका मिनिटात चुलीत गेलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. तुला हसू येत नाही? मला येतं.

मासिकातला फोटो तू का कापला होतास ते आता कळलं. मला त्या दिवशी एवढी भूक का लागली होती ते मला तेव्हाच माहीत होतं.

तुकुम्मेक

३० ऑगस्ट

आजोबा,

मुलगा झाला. चोवीस तारखेला, कानाकच्या दवाखान्यात. साडेतीन किलो, कान इनुतेकचे, बाहेर आलेले. नाव इनुतेक.

आता मी सांगते ते नीट वाचा. तुम्हाला सगळं माहीत आहे असं तुम्हाला वाटत असेल. फोटोत दिसतं तेवढंच माहीत आहे.

त्या सकाळी इनुतेक कयाक पाण्यात ढकलताना मला म्हणाला, "आज बर्फ आला तर ओरड हं, आम्ही पळून जाऊ." किनाऱ्यावर चौघं होते, चौघंही हसले. माझ्याशी त्याचं ते शेवटचं बोलणं. मी टेकडी चढताना ठरवलं की आज काही झालं तरी मी तोंड उघडणार नाही.

तपकिरी काहीतरी वर आलं तेव्हा मी म्हटलं, बर्फ असेल. पहिल्यांदा खरंच वाटलं तसं. मी त्याच्यावर दुर्बीण रोखली. मग त्याने श्वास सोडला, आणि वाफ दिसली. बर्फ श्वास सोडत नाही, आजोबा. इथल्या चार वर्षांच्या पोरालाही ते कळतं. मला कळलं. आणि तरीही मी ओरडले नाही. नार्व्हाल बिथरतील म्हणून नाही, ते मी नंतर स्वतःला सांगितलं. मी मनात म्हटलं, येऊ दे जवळ. घाबरू दे त्याला जरा. तोच ओरडेल, "वॉलरस!", आणि मग मी हसेन. वर्षभराचं सगळं एका झटक्यात वसूल होईल. मी हसायची तयारी करत होते. सातव्या फोटोत माझा चेहरा मोठा करून बघा, बहुतेक दिसेल.

परवा टेकडीवर मी करून पाहिलं. संशोधकांकडे एक जुना कॅमेरा आहे, फिल्म अंगठ्याने ओढायचा, तुमचा होता तसा. सात फोटो काढले, घाई न करता. माझे अकरा श्वास झाले. ओरडायला एक लागतो.

काल नावाची कॉफी होती, इवालूच्या सासरी. मला बोलावलं होतं, नाही बोलावलं तर लोक विचारतील म्हणून. सगळी वस्ती होती. केक होता, नार्व्हालची कातडी होती, सासूने समुद्रपक्षी आंबवलेले काढले होते. इवालूने मला दाराजवळची खुर्ची दिली. बाळ हातोहात फिरत होतं. जो तो म्हणे, "काय इनुतेक, परत आलास का? फार दिवस लावलेस!" असं करत ते माझ्या शेजारणीपर्यंत आलं. इवालू उठली आणि तिने ते तिथूनच उचलून घेतलं.

तेव्हा उताक मोठ्याने म्हणाला, "अरे, बायकोला दाखवा की नवरा! तुकुम्मेक, बघ नीट, बर्फ नाही ना?"

सगळे हसले. मी उभी राहिले. म्हटलं, "तो वॉलरस पहिला मी पाहिला."

कुणाला कळलं नाही. उताक म्हणाला, "कुठला गं?"

"इनुतेकला मारलं तो. मितेकने नाही पाहिला. मी पाहिला. आधी पाठ, मग वाफ, मग सुळे. सगळं पाहिलं आणि गप्प बसले. नियम अस्वलाचा आहे, पण मी या जनावरालाही तोच लावते. पहिला मी पाहिला. तो माझा आहे. मितेकचा कधीच नव्हता."

आपल्यात असं कुणी म्हटलं की त्यावर वाद घालत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. कुणी घातला नाही. इवालूच्या सासूने माझ्यासमोरचा कप उचलला. तो अर्धा भरलेला होता. लोक एकेक करून उठले, केक तसाच राहिला. उताक सगळ्यांत शेवटी गेला. त्याला खाली वाकून बूट घालता येत नाहीत, मी घालून दिले. तो म्हणाला, "आम्ही फार हसलो का गं तुला?" मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, "तरी ओरडायचं होतंस," आणि गेला. दोन्ही खरं आहे.

इवालू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. बाळ रडत होतं ते भिंतीतून ऐकू येत होतं. माझा नवरा परत आलाय, दोन घरं पलीकडे राहतो, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही. तक्रार करत नाही. त्याच्याकडून हेच अपेक्षित आहे.

तुम्ही या. माझ्यासाठी नको. मी माफी मागणार नाही, चौदा वर्षांना पुरेल एवढी माफी माझ्याकडे नाही. तुम्ही तोंड उघडलं नाहीत, याचाही मला राग आहे. सांगितलं असतंत तर मी तेव्हाच मेले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही मला वाचवून चांगलं केलं नाहीत, आजोबा. पण या. इवालूला मामा हवा आहे. काल रात्रीपर्यंत ज्यांनी तुमचं नाव घेतलं नव्हतं ते सगळे आज सकाळपासून तुमच्याबद्दल विचारताहेत.

विमान कानाकला उतरेल, जावई बोट घेऊन येईल. नार्व्हाल अजून आत आहेत, त्यामुळे टोकाशी इंजिन बंद करून वल्ह्यांनी यावं लागेल, न बोलता. मी स्वागताला किनाऱ्यावर येणार नाही, तिथे इवालू असेल. मी टेकडीवर असेन. बोट टोकाला वळली की तुम्ही मला पहिल्यांदा दिसाल, बाकी कुणाला दिसायच्या आधी.

मी ओरडेन. कळप पळाला तर पळू दे.

तुमची पोरी